आडव्याचं माप

साठ दिवस पडून राहायचं, पाय हलवायचे नाहीत, या कामासाठी माझी निवड झाली तेव्हा अख्खी गल्ली हसली. मी सुलक्षणा पोरे, बार्शीची लेडीज टेलर. लग्नसराईत सकाळी मशीनवर बसते ती दिवेलागणीलाच उठते. "वहिनी, तुम्ही आणि पडून? अहो, अंगात ताप असताना हूक लावत बसणारी बाई तुम्ही!" असं समोरचा मेडिकलवाला म्हणाला. माझ्या नणंदेनं तर पैज लावली की आठव्या दिवशी मी पळून येणार. तिचं चुकलं, पण फार चुकलं नाही. मी पळाले नाही, पण हात गप्प ठेवणं मला जमलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

गेले ते आमच्या यांच्यासाठी. हे, म्हणजे गजेंद्र पोरे, वीज कंपनीत वायरमन होते. बावीस वर्षं खांब चढले. तीन वर्षांपूर्वी एका तापाचं निमित्त झालं आणि फुप्फुसं कडक व्हायला लागली. डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं, तेव्हा मला ते एकदम कळलं. कांजी जास्त झालेल्या कापडासारखी फुप्फुसं ताठ झाली होती, फुगतच नव्हती. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. चार पावलं चाललं की धाप लागायची, म्हणून हे पडून राहायला लागले. पडून राहिल्यानं पाय वाळले. पाय वाळल्यानं चार पावलांना जास्तच धाप लागायला लागली. ज्या माणसाच्या पोटऱ्या बघून मी लग्नाला होकार दिला होता (हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज सांगते), त्या पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या उरल्या.

"फुप्फुसांचा आजार आम्ही औषधानं थोपवलाय," डॉक्टर म्हणाले, "पण यांना पाय आधी सोडून जाणार."

यांचं मागणं फार मोठं नव्हतं. पलंगापासून संडासाच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत. तेवढी स्वतःच्या पायानं चालता यावीत, आणि आत गेल्यावर दार स्वतः लावता यावं. बायकोनं भांडं उचलायचं, हे त्यांना आजाराहून जड जात होतं. त्यावर ते कधी बोलायचे नाहीत, नुसते भिंतीकडे तोंड करायचे.

त्याच सुमाराला पुरंदरच्या पायथ्याशी नवीन निघालेल्या 'आरोहण' संशोधन केंद्राची जाहिरात आली. चंद्रावरच्या पहिल्या लांब मुक्कामाची तयारी चालली होती आणि निरोगी माणसं हवी होती. सहा बायका, सहा पुरुष. ज्यांच्या घरी फुप्फुसाचा रुग्ण आहे त्यांना पहिली पसंती, कारण जे यंत्र तपासायचं होतं ते सगळ्यात आधी त्या घरच्या रुग्णाला मिळणार होतं. मी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर निशिगंधा कामत. वय असेल छत्तीस-सदतीस, डोळे हुशार, आणि अंगातला पांढरा कोट खांद्यावरून चांगला दीड इंच उतरलेला. माणूस दिसायच्या आधी मला त्याच्या अंगावरचं कापड दिसतं, हा माझा दोष आहे. पण बाई बोलायला लागल्या आणि मी कोट विसरले.

"शरीर फार व्यवहारी असतं, सुलक्षणाताई," त्या म्हणाल्या. "जो स्नायू कामाला येत नाही त्याला ते फार दिवस पोसत नाही. प्रत्येक स्नायूची रोज थोडी झीज होते आणि रोज थोडी भर पडते. आपण हिंडतो-फिरतो तोवर दोन्ही सारखं राहतं. पडून राहिलं की भर घालणं मंदावतं, झीज मात्र चालूच राहते. पहिला नंबर पोटऱ्यांचा आणि मांड्यांचा, कारण आपलं वजन उचलणं त्यांचं काम. आठ-दहा दिवसांत फरक मोजता येतो."

"आणि हवा विरळ असली तर?"

"भर घालायला शक्ती लागते, शक्तीला ऑक्सिजन. तो कमी पडला, वर भूकही मेली, म्हणजे गवंडीही कमी आणि विटाही कमी. चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं, म्हणजे पायांना जवळजवळ सुट्टीच. शिवाय तिथल्या घरातली हवा आम्ही मुद्दाम विरळ ठेवणार आहोत, भिंतींवर आतून दाब कमी यावा म्हणून."

मी जरा विचार केला. "म्हणजे चंद्रावरच्या माणसाचं आणि आमच्या यांचं दुखणं एकच की."

बाई हसल्या. "हे वाक्य मला भाषणात वापरू द्याल?"

मग त्यांनी यंत्र दाखवलं. यंत्र कसलं, काळी तंग विजार होती ती. कापडात चांदीचा मुलामा दिलेले धागे विणलेले, कमरेला काडेपेटीएवढी डबी. त्या डबीतून धाग्यांमधून विजेचे अगदी बारीक ठोके जातात आणि स्नायू आवळतो, सुटतो. चालताना ज्या क्रमानं पोटरी, मांडी, नडगी आवळतात त्याच क्रमानं. पाय जागचा हलत नाही, पण स्नायूला वाटतं आपण चालतोय. केंद्रात तिचं नाव 'चालवस्त्र' होतं. आम्ही बायकांनी दोन दिवसांत तिला 'मुंगी-विजार' करून टाकलं. का ते सांगते.

चौदा पानांच्या करारावर मी सह्या केल्या. चौदा पानं कोण वाचतं?

आमचा हॉल म्हणजे बंद दारांची लांब खोली. तिच्या हवेत एकवीसऐवजी तेरा टक्के ऑक्सिजन, लडाखच्या उंच डोंगरावर असतो तेवढा. पलंग डोक्याकडून थोडे उतरते, म्हणजे पायांवर कणभरही भार नको. पहिले तीन दिवस सगळ्यांची डोकी ठणकली. चहाला चव नाही. हसलं तरी दम लागायचा, आणि माझ्या शेजारी उदगीरची तबस्सुम होती, शाळेच्या पोषण आहाराची स्वयंपाकीण. ती हसवल्याशिवाय राहायची नाही. अंघोळ, जेवण, सगळं झोपूनच. आमचं सगळं करायला मालनबाई होत्या, सासवडजवळच्या, पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ.

"पायांना पूर्ण सुट्टी, हातांना हवं ते काम," असं डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. मी सुई-दोरा मागून घेतला. "भरतकाम करा, मन रमेल," त्या म्हणाल्या. मला भरतकामात काडीचा रस नाही.

चौथ्या दिवशी माझं लक्ष विजारीकडे गेलं. गुडघ्यामागे चुण्या पडत होत्या. पोटरीच्या बाजूला कापड सुटलेलं. आणि जिथे कापड सुटलेलं, नेमक्या त्याच जागी मुंग्या चावल्यासारखं व्हायचं. मी शिंप्याच्या डोळ्यानं बघितलं आणि कपाळावर हात मारला. ही विजार उभ्या माणसाच्या मापाची होती! उभ्या माणसाची पोटरी गोल असते. आडवं झालं की ती गादीवर चपटी होते, मांडीचं मांस बाजूला कलतं, गुडघ्यामागे पोकळी पडते. त्यात डोकं खाली, पाय वर, म्हणजे पायातलं पाणीसुद्धा डोक्याकडे सरकतं आणि दोन दिवसांत पाय बारीक होतात. आता ज्या धाग्यानं अंगाला चिकटून राहायचं तो एका कडेनं जेमतेम टेकला, तर सगळा झटका त्या कडेवर येणार आणि मुंगी चावणारच. आणि आत स्नायूपर्यंत काय पोचणार? काहीच नाही.

हे सगळं मला तेव्हा इतकं नीट कळलं होतं असं नाही. मला एवढंच कळलं की फिटिंग भिकार आहे आणि ते बघवत नाही.

धुऊन आलेली दुसरी विजार मालनबाई उशाशी ठेवायच्या. दुपारी ती पोटावर घेऊन मी चांदीचे धागे चाचपले, त्यांच्या मधल्या साध्या पट्टीत कापड दुमडून चिमटा घेतला आणि हातानं बारीक उलटी टीप मारली. गुडघ्यामागे एक, पोटरीला दोन, मांडीला एक. एकही धागा तोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती घातली आणि मुंग्या गेल्या. त्यांच्या जागी पोटरीत खोल, जड, सुखाची थरथर. बाजारहाट करून आल्यावर पाय भरून येतात तसं संध्याकाळी वाटलं.

"ताई, तुम्हाला चावत नाही व्हय?" तबस्सुमनं विचारलं.

"नाही."

"मग मला बी करून द्या की!"

आठवड्यात सहाही जणींच्या विजारी मी बसवल्या. मालनबाई टेप धरायच्या, मी पडल्या पडल्या आकडे लिहायची. पाय बदलत होते म्हणून दर मंगळवारी पुन्हा माप. मालनबाईंनी मधेच स्वतःचं पोलकंही आणलं. "माझी बी काख काचती, बगा जरा." तेही करून दिलं. दिवस कसे गेले कळलंसुद्धा नाही. खरं सांगते, लग्नानंतर एवढी विश्रांती मला पहिल्यांदाच मिळाली, आणि ती मी काम करून उपभोगली.

यात काही चुकतंय असं माझ्या मनाला शिवलंही नाही. गळा बदलला, बाही बदलली, तर तो बदल. फिटिंग म्हणजे काय बदल असतो?

एक्केचाळीसाव्या दिवशी डॉक्टरबाई हॉलमध्ये आल्या त्या जवळजवळ नाचतच. दोन दिवसांपूर्वी मोठ्या मशीनमध्ये घालून आमच्या पायांचे फोटो काढले होते, त्यांचा निकाल लागला होता.

"तुम्हा सहाजणींचे स्नायू शंभरातले फक्त तीन कमी झालेत. तीन! आणि पलीकडच्या हॉलमधल्या पुरुषांचे पंधरा. तीच विजार, तीच हवा, तेच अन्न. याचा अर्थ कळतोय? विरळ हवेत बायकांचा स्नायू वेगळा वागतो. माझा अंदाज आहे की हा संप्रेरकांचा खेळ असणार. पुढच्या सोमवारी समितीपुढे मांडतेय. पुरुषांसाठीचं काम आम्ही थांबवतोय, आणि चंद्रावरची पहिली तुकडी कदाचित सगळ्या बायकांचीच असेल!"

टाळ्या पडल्या. "घ्या," तबस्सुम म्हणाली, "म्हंजे चंद्रावर बी सैपाकाला आपणच!"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. माझ्या हातात तिचीच विजार होती आणि पोटरीची टीप अर्धी झाली होती. पलीकडच्या हॉलमधल्या विजारींना कोण टीप मारत होतं? कुणीच नाही.

"मॅडम," मी विचारलं, "मग आमच्या यांच्या विजारीचं काय?"

त्यांचा चेहरा उतरला. "करार आहे, विजार तुम्हाला मिळणारच. पण ताई, खरं सांगते, पुरुषांना तिचा उपयोग नाही. फार आशा ठेवू नका."

त्या गेल्यावर मी तबस्सुमला कराराची पानं वाचायला लावली. नवव्या पानावर होतं: वस्त्रात कोणताही बदल केल्यास सहभाग रद्द, आणि घरच्या रुग्णाला वस्त्र मिळणार नाही. तिनं ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुम्ही गप ऱ्हावा," ती हळूच म्हणाली. "विजार घरी न्या. तिथं काय करायचं ते करा. कोण बघतंय?"

तेच तर माझ्याही मनात आलं होतं. सही-सलामत विजार घरी न्यायची, यांना आडवं ठेवून माप घ्यायचं, चार टिपा मारायच्या. यांचे पाय परत येतील. आणि बाकीचे पुरुष? त्यांच्यासाठीचं काम तर बंदच पडणार होतं. देशात यांच्यासारखे पडून असलेले किती असतील, मला आकडा माहीत नव्हता. एक माणूस मात्र मला माहीत होता. पलीकडच्या हॉलमधला कुणीतरी रोज संध्याकाळी बेसूर अभंग म्हणायचा. आधी भिंतीतून खणखणीत ऐकू यायचा. हल्ली अर्ध्यातच थांबायचा.

मी यांना फोन लावला. पडद्यावर नाकात नळी, वाढलेली दाढी, मागे नणंदेनं वाळत घातलेले टॉवेल. मी सगळं सांगितलं.

यांनी नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाले, "गप्प राहा. आण ती विजार."

मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटलं ते हायसंच.

"पाय परत आले तर पहिलं काय करणार?" मी विचारलं.

"तुझ्या भावाकडे जाऊन त्याचा मीटर तपासणार. वीस वर्षं संशय आहे मला." ते हसले, आणि खोकले. खोकला थांबायला वेळ लागला. मग आवाज बदलून म्हणाले, "सुले, तिकडे पुरुष किती आहेत?"

"सहा."

"हं." त्यांनी दाढी खाजवली. "मी खांबावर असायचो तेव्हा खाली फ्यूज काढून एक माणूस उभा असायचा. लाइन बंद आहे, असं तो ओरडला की मी तारेला हात घालायचो. बावीस वर्षं घातला. खालचा माणूस खरं बोलतोय, एवढ्या एका भरवशावर. मी कधी खाली येऊन तपासलं नाही."

"आता खाली तू आहेस," ते म्हणाले. "सांगून टाक."

"आणि तुम्ही?"

"मला वाट बघता येते की. पडूनच असतो, दुसरं काम काय आहे मला?"

मी फोन ठेवला आणि घंटी वाजवली.

डॉक्टरबाई आल्या. मी विजार उलटी करून आतली टीप दाखवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढरा, मग लाल.

"सहा जणींचे एक्केचाळीस दिवस, ताई!" त्या जवळजवळ ओरडल्या. "दोन वर्षं लागली मला हा प्रयोग उभा करायला! करारात लिहिलंय, बदल करायचा नाही म्हणून!"

"मॅडम, मी बदल केला नाही. कापड नुसतं जागेवर आणलं." मला रडू येत होतं, पण माझ्या कामाबद्दल कुणी बोललं की मी गप्प बसत नाही. "आणि एक सांगा. आडव्या माणसाच्या कपड्याचं माप उभं करून कुणी घेतलं?"

"संगणकानं. दोन हजार लोकांची मापं आहेत त्यात."

"उभ्या लोकांची."

मग त्या माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या. तिथे बसायला नियमानं मनाई होती. विजार हातात घेऊन त्यांनी टिपेवरून बोट फिरवलं, माझ्या गुडघ्यामागची पोकळी दाबून बघितली. एवढी शिकलेली बाई, आणि मला पोटच्या पोरीसारखी वाटली. तिची दोन वर्षं माझ्या सुईनं वाया घालवली होती.

"सुलक्षणाताई," शेवटी त्या म्हणाल्या, "एकोणीस दिवस उरलेत. सहातल्या तीन पुरुषांच्या विजारी बसवायच्या, तिघांच्या आहेत तशा ठेवायच्या. मग खरं-खोटं कळेल. सांगाल, कसं करायचं?"

मला उठायची परवानगी नव्हती आणि पुरुषांकडे जायचीही नव्हती. म्हणून मालनबाई टेप घेऊन तिकडे गेल्या आणि मी इकडून पडद्यावर बघून सूचना देत राहिले. "पोटरीच्या सगळ्यात जाड जागेवर घ्या. टेप आवळू नका, नुसता टेकवा."

"अगं बाई, परपुरुषाच्या पोटरीला हात लावताना माझा हात थरथरतोय, आन् तुमी म्हंता टेकवा!" मालनबाईंनी तिकडून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्यांच्यापुढे पडलेले गृहस्थ त्यांच्याहून जास्त लाजले होते. ते अभंगवाले निघाले. नशिबानं बसवायच्या तिघांत त्यांचं नाव होतं. तिन्ही विजारी मी शिवल्या, आणि यावेळी प्रत्येक टीप कागदावर लिहून, मोजून, डॉक्टरबाईंची सही घेऊन.

साठाव्या दिवशी आम्हाला उभं केलं. खोली गरकन फिरली आणि मी डॉक्टरबाईंच्या गळ्यात पडले. पलीकडच्या हॉलचा निकाल तेव्हा त्यांच्या खिशात होता. ज्या तिघांच्या विजारी बसवल्या त्यांची झीज एकोणीस दिवसांत जागच्या जागी थांबली होती. बाकीच्या तिघांची चालूच होती.

"बायकांचा स्नायू वेगळा नाही," त्या म्हणाल्या. "वेगळी होती ती शिलाई."

समितीनं आम्हा सहाजणींचे आकडे बाद केले. पुरुषांसाठीचं काम मात्र चालू राहिलं. करारानुसार यांची विजार मात्र गेली. हे सांगायला डॉक्टरबाई स्वतः आल्या, नजर खाली घालून. तबस्सुमनं आणि इतरांनी स्वतः काही केलं नव्हतं म्हणून त्यांच्या घरच्या विजारी वाचल्या, एवढं तरी बरं झालं. "गजेंद्ररावांचं नाव मी विजारींच्या सरकारी यादीत घातलंय," त्या म्हणाल्या. "दोनशे बारावा नंबर आहे. वर सरकवता येत नाही, ताई. मी विचारून बघितलं."

"नियम आहे," मी म्हणाले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले आणि गाडीत बसल्यावर बार्शीपर्यंत रडले.

नंबर यायला सात महिने लागले. ते महिने चांगले गेले असं मी म्हणणार नाही. आधी मला धरून हे अकरा पावलं जायचे. मग दोघांनी धरावं लागायला लागलं, मग तेही थांबलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचे तळवे माझ्या हातावर दाबून घ्यायची, पन्नास वेळा. झीज थोडी मंदावली असेल, थांबली नाही. खोटं कशाला बोलू, मला पस्तावा झाला. एकदा यांनीही वैतागून म्हटलं, "ने ते भांडं. तुझ्या खरेपणाचं आहे ते." मग तासाभरानं स्वतःच म्हणाले, "सल्ला माझाच होता म्हणा. वायरमनचा सल्ला विजेपुरता घ्यावा." मी हसले, पण ते वाक्य मला आठ दिवस टोचत होतं.

मार्चमध्ये खोकं आलं. आत काळी विजार, सोबत एक टेप, आणि छापील कागद. पहिलीच ओळ ठळक अक्षरांत: रुग्णाचे माप तो पडलेला असतानाच घ्यावे, शिलाई जवळच्या शिंप्याकडून बसवून घ्यावी. खाली चिमटे कुठे घ्यायचे त्याचं चित्र. चित्र माझ्याच टिपांचं होतं. मी तो कागद यांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "जवळची शिंपीण बोलावू का कुणी, की तुला वेळ आहे?"

मी यांना सरळ झोपवलं आणि टेप घेतला. पोटरी दहा इंच. तो आकडा मी वहीत लिहिला. विजार बसवली, डबी चालू केली. यांनी डोळे मिटले. "चालतोय मी," ते थोड्या वेळानं म्हणाले. "कुठे चाललोय माहीत नाही, पण चालतोय."

दर मंगळवारी माप घेत होते. दहा, दहा, दहा. सहा आठवडे तोच आकडा. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या आनंदल्या. "उतरत नाहीये ना? मग थांबा." नवव्या आठवड्यात हे पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायला लागले. अकराव्या आठवड्यात माझ्या खांद्याला धरून उभे राहिले, मग रोज एखादं पाऊल जास्त.

तेराव्या आठवड्यात एक दिवस दुपारी कुरकुर सुरू झाली. "सुले, ही विजार आवळतेय."

"कुठे?"

"पोटरीला. सकाळपासून काचतंय."

मला धडकीच भरली. पडून असलेल्या माणसाच्या पायात पाणी साचतं, पाय सुजतात, हे मला माहीत होतं. विजार उतरवली आणि पोटरीत अंगठा रुतवून धरला. सूज असती तर खड्डा राहिला असता. अंगठा काढला, पोटरी जिथल्या तिथे. पुन्हा दाबलं. आत काहीतरी घट्ट होतं, ओळखीचं होतं. टेप लावला. पावणेअकरा.

"काय गं?" हे घाबरले. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुम्हाला कपडा लहान होतोय."

मी विजार घेऊन खिडकीशी उजेडात बसले. शिवणीत दोन बोटं कापड आत दाबलेलं होतं, ते सोडायचं होतं. माझीच बारीक टीप, माझ्याच डोळ्यांना सापडेना. डोळे पुसत पुसत एकेक टाका सुईच्या टोकानं उचलत होते. ते काम किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

मान वर केली तर पलंग रिकामा. ऑक्सिजनची लांब नळी पलंगावरून खाली उतरली होती, फरशीवरून सरळ गेली होती आणि संडासाच्या दाराखालून आत शिरली होती. मी उठून धावणार होते, तेवढ्यात आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी तशीच खाली बसले आणि पोटभर रडून घेतलं.